जर्मनीने लोकशाहीचे घर पुन्हा कसे बांधले



घरात चोरी झाली, तर शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी आधी एक गोष्ट पाहतो. चोर आला कोठून? दार फोडून आला, की दार उघडेच राहिले होते? हे कळल्याशिवाय नवे कुलूप आणून उपयोग नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या काही जाणत्या माणसांनी आपल्या देशाबद्दल हाच प्रश्न विचारला. त्यांची लोकशाही १९३३ साली गेली होती. ती कशी गेली याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला, आणि मग १९४९ साली नवी राज्यघटना लिहिली. त्या घटनेत काय आहे, ती कशी चालते आणि कोठे अपुरी पडते, एवढे आज आपण पाहू.

आता तुम्ही म्हणाल, हिटलर तर हुकूमशहा. त्याने बळजबरीनेच सत्ता घेतली असणार. पण तसे झाले नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, नेमले ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, रीतसर सहीशिक्क्यानिशी. मग त्यावेळची राज्यघटना काय करीत होती?

पहिल्या महायुद्धात हार झाल्यावर जर्मनीतली राजेशाही गेली आणि १९१९ साली वायमार या गावी प्रजासत्ताकाची घटना तयार झाली. त्या काळाच्या मानाने ती फार पुढारलेली होती. स्त्रियांना मताचा अधिकार होता. भाषणाचे, छपाईचे, संघटनेचे स्वातंत्र्य होते. परंतु तीन ठिकाणी ती कच्ची राहिली.

पहिली जागा निवडणुकीची. पक्षाची साठ हजार मते जमली की एक सभासद, असा साधारण हिशेब होता. त्यामुळे लहानलहान पक्षांचे पेव फुटले. डझनाहून अधिक पक्ष संसदेत येऊन बसत. बहुमत कोणाचेच नाही. चार-पाच पक्षांची मोट बांधायची आणि ती काही महिन्यांत सुटायची. चौदा वर्षांत वीसच्या आसपास मंत्रिमंडळे झाली.

दुसरी जागा अविश्वासाच्या ठरावाची. सरकार पाडायला बहुमत पुरे होते. त्या जागी कोणाला आणणार, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. जुलै १९३२ च्या निवडणुकीत ६०८ जागांपैकी नाझी पक्षाला २३० आणि कम्युनिस्टांना ८९ जागा मिळाल्या. हे दोघे एकमेकांचे हाडवैरी. रस्त्यात एकमेकांची डोकी फोडीत. पण दोघांची बेरीज होते ३१९, म्हणजे निम्म्याहून जास्त. एकत्र राज्य करणे त्यांना शक्य नव्हते, पण दुसऱ्या कोणालाही राज्य करू न देणे मात्र शक्य होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पापेन यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मंजूर झाला तो ५१२ विरुद्ध ४२ मतांनी! या सरकारवर विश्वास नाही, यावर जवळजवळ सगळ्यांचे एकमत. मग विश्वास कोणावर? याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

तिसरी जागा राष्ट्राध्यक्षाची. घटनेच्या ४८ व्या कलमाने आणीबाणीत वटहुकूम काढण्याचा आणि नागरिकांचे हक्क तहकूब करण्याचा अधिकार त्याला दिला होता. १९३० पासून बराचसा कारभार अशा वटहुकुमांवरच चालू लागला. संसदेवाचूनही राज्य चालते, ही सवय लोकांना हिटलरच्या आधीच जडली, हे ध्यानात घ्या. त्यातच जगभर मंदी आली. बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. पोट रिकामे असलेल्या माणसाला घटनेतली कलमे कोण समजावून सांगणार?

पुढचा प्रकार फार झपाट्याने झाला. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी त्याच ४८ व्या कलमाखाली वटहुकूम निघाला आणि नागरिकांचे हक्क गेले. २३ मार्चला संसदेपुढे एक विधेयक आले, की सरकारला संसदेवाचून कायदे करता यावेत. यासाठी दोन-तृतीयांश मते लागत होती. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नाही. नाझींचे गणवेशधारी दांडगे भोवती उभे केले होते. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे पुढारी ओटो व्हेल्स यांनी तशाही वातावरणात उभे राहून विरोधाचे भाषण केले. विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाले. ती ९४ मते सगळी त्यांच्याच पक्षाची होती. संसदेने मत देऊन स्वतःला निकालात काढले. बारा वर्षांनी, मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली, तोवर कोट्यवधी माणसे मेली होती. साठ लाख ज्यूंची हत्या झाली होती.

शरणागतीनंतर जर्मनीचे चार तुकडे झाले. पूर्वेचा भाग रशियाच्या ताब्यात, बाकीचे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या. १९४८ च्या जुलैत पश्चिमेकडच्या तीन राष्ट्रांनी आपापल्या भागातल्या जर्मन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना घटना तयार करायला सांगितले. १ सप्टेंबर १९४८ रोजी बॉन शहरात घटनेसाठी परिषद भरली. उद्घाटन झाले ते प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात. पेंढा भरलेली जनावरे पडद्याआड करून समारंभ पार पडला! सभासद पासष्ट. त्यांत अनेकांनी नाझींचा तुरुंग पाहिलेला. अध्यक्ष होते कोनराड आडेनाउअर. हे कोलोनचे नगराध्यक्ष होते. नाझींनी त्यांना १९३३ साली पदावरून काढले होते आणि १९४४ साली कैदेतही टाकले होते.

पासष्टांत स्त्रिया फक्त चार. त्यांतल्या एलिझाबेट झेल्बर्ट या व्यवसायाने वकील. स्त्री आणि पुरुष यांचे हक्क समान आहेत, एवढे एक साधे वाक्य घटनेत घाला, असा त्यांचा आग्रह होता. समितीने ते आधी नामंजूर केले. मग बाईंनी देशभरच्या स्त्रियांना साद घातली. गावोगावाहून पत्रांचा आणि ठरावांचा ढीग बॉनला येऊन पडला. जानेवारी १९४९ मध्ये तेच वाक्य मान्य झाले. घटना पंडितांनी लिहिली खरी, पण तिच्यातले हे वाक्य टपालाने आले, असे म्हटले तर चुकणार नाही.

शरणागतीला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ८ मे १९४९ रोजी, परिषदेने ५३ विरुद्ध १२ मतांनी मसुदा मंजूर केला. २३ मे रोजी तो जाहीर झाला. त्याच सुमारास दिल्लीत आपलीही घटना समिती कलमांवर खल करीत होती, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. जर्मनांनी आपल्या घटनेला ‘घटना’ हे नाव मात्र दिले नाही. अर्धा देश बाहेर असताना कायमची घटना कशी करायची? म्हणून तिला ‘मूलभूत कायदा’ म्हटले. ते तात्पुरते नाव आजही टिकून आहे.

आता या मूलभूत कायद्याने काय काय केले ते पाहू.

पहिली गोष्ट, नागरिकांचे हक्क सगळ्यांत आधी मांडले. वायमारच्या घटनेत ते दुसऱ्या भागात होते. इथे अगदी पहिले कलमच माणसाच्या प्रतिष्ठेचे आहे. ती कोणी मोडायची नाही, आणि तिचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असा त्याचा भावार्थ.

दुसरी गोष्ट, राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी केले. आता त्याला जनता थेट निवडत नाही. संसदेचे सभासद आणि तितकेच राज्यांचे प्रतिनिधी मिळून पाच वर्षांसाठी निवडतात. मान मोठा, पण वटहुकूम काढून राज्य चालवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही.

तिसरी गोष्ट अविश्वासाच्या ठरावाची. चॅन्सेलरला काढायचे असेल, तर संसदेने त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडला पाहिजे. नुसते ‘हा नको’ म्हणून चालत नाही. ‘हा नको, तो हवा’ असे म्हणावे लागते. आपल्याकडे नवी कौले अंगणात आणून ठेवल्याशिवाय कोणी जुने छप्पर उतरवीत नाही, त्यातलाच हा व्यवहार.

चौथी गोष्ट निवडणुकीची. हिचा तपशील पहिल्या घटनेबरोबर नव्हे, तर निवडणुकीच्या कायद्यांत हळूहळू ठरत गेला. १९५३ पासून प्रत्येक मतदाराच्या हाती दोन मते असतात. एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. कोणत्या पक्षाला एकूण किती जागा, हे मुख्यतः दुसऱ्या मतावर ठरते. पण देशभरात पाच टक्के मते मिळाली नाहीत, तर त्या पक्षाला सहसा जागाच मिळत नाही. डॅनिश लोकांसारख्या अल्पसंख्यांच्या पक्षाला तेवढी यातून सूट आहे. हा उंबरठा कडक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत एका नव्या पक्षाला ४.९८ टक्के मते पडली. दहा हजारांहून कमी मतांनी तो पक्ष संसदेबाहेर राहिला. पंचवीस लाखांच्या जवळपास लोकांचे मत असे वाया गेले. तेव्हा स्थैर्य काही फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

पाचवी गोष्ट, सत्ता एका ठिकाणी साठू दिली नाही. शाळा आणि बहुतेक पोलीस खाते राज्यांच्या हाती. आज अशी सोळा राज्ये आहेत. राज्य सरकारांचे प्रतिनिधी बुंडेसराट या सभागृहात बसतात, आणि राज्यांना बाधणारे कायदे त्यांच्या संमतीवाचून होत नाहीत. शिवाय कार्लस्रुए शहरात १९५१ पासून स्वतंत्र घटना न्यायालय आहे. तेथे सोळा न्यायाधीश असतात. बारा वर्षांनी जागा सोडायची, पुन्हा नेमणूक नाही. सरकारने माझा मूलभूत हक्क मोडला, अशी तक्रार कोणताही सामान्य माणूस तेथे नेऊ शकतो, तीही फी न भरता. वर्षाला पाच हजारांच्या आसपास तक्रारी येतात. शंभरांत दोघांनाही यश येत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दार उघडे आहे. लोकशाही उलथवू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालण्याचा अधिकारही सरकारला नाही, तो या न्यायालयालाच आहे. आतापर्यंत अशी बंदी दोनदाच आली, १९५२ साली आणि १९५६ साली.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य ही तत्त्वे घटनादुरुस्ती करूनही काढता येणार नाहीत, असे ७९ व्या कलमात लिहून ठेवले. दोन-तृतीयांश काय, सगळ्या सभासदांनी हात वर केले तरी नाही! ४४४ विरुद्ध ९४ या मतदानाला दिलेले हे उत्तर होते.

या कलमाचा एक धागा आपल्या देशाशी जुळतो. हायडेलबर्ग विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक डीट्रिश कॉन्राड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. विषय हाच, की घटना दुरुस्त करण्याच्या अधिकाराला मर्यादा आहे की नाही? दोन-तृतीयांश मते आहेत म्हणून नागरिकाचा जिवाचा हक्कच घटनेतून पुसता येईल काय? हा विचार आपल्या वकिलांपर्यंत पोहोचला. पुढे केशवानंद भारती खटल्यात मुंबईचे विख्यात वकील नानी पालखीवाला यांनी सरकारविरुद्ध बाजू मांडली. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला, की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉन्राड यांचा उल्लेख केला आहे. जर्मनांनी जे पोळून शिकले, ते आपल्या न्यायालयाने वेळीच ऐकले, असे म्हणावे लागेल.

कायदा छान लिहिला, पण तो चालला का? सप्टेंबर १९४९ मध्ये आडेनाउअर चॅन्सेलर झाले ते जरुरीची २०२ मते नेमकी मिळवून. एक मत कमी पडते, तर त्या फेरीत निवड झाली नसती. स्वतःचे मत त्यांनी स्वतःलाच दिले होते. तरी ते पुढे चौदा वर्षे टिकले. तेव्हापासून २०२५ पर्यंत, शहात्तर वर्षांत, दहाच चॅन्सेलर झाले.

अविश्वासाच्या ठरावाची कसोटी दोनदा लागली. २७ एप्रिल १९७२ रोजी विली ब्रांट यांच्या जागी राइनर बार्त्सेल यांना आणण्याचा ठराव आला. २४९ मते हवी होती, पडली २४७. ब्रांट वाचले. पुढे उघडकीस आले, की पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने यात पैसे चारले होते. पाहा, कायदा कितीही चोख असला, तरी मत विकणारा माणूस निघाला की त्याला भोक पडते. दुसऱ्या वेळी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, हेल्मूट कोल यांना २५६ मते मिळाली. हेल्मूट श्मिट गेले आणि कोल त्याच दिवशी आले. देश एक दिवसही सरकारवाचून राहिला नाही.

अगदी अलीकडचे सांगायचे तर १६ डिसेंबर २०२४ रोजी चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी स्वतःच संसदेकडे विश्वास मागितला आणि तो मिळाला नाही. २३ फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक झाली. साडेब्याऐंशी टक्के लोकांनी मतदान केले. ६ मे रोजी फ्रीडरिश मेर्त्स यांना पहिल्या फेरीत ३१६ ऐवजी ३१० मते पडली. असे पूर्वी कधी झाले नव्हते. सगळीकडे धावपळ उडाली. पण दुसऱ्या फेरीत त्यांना ३२५ मते मिळाली आणि प्रश्न संध्याकाळच्या आत सुटला.

आता पूर्वेकडे वळू. तेथेही ऑक्टोबर १९४९ मध्ये राज्य स्थापन झाले. नावात ‘लोकशाही’ हा शब्द होता, संसद होती, निवडणुकाही होत. पण मतपत्रिकेवर एकच ठरलेली यादी असे. मतदाराने ती घ्यायची, घडी करायची आणि पेटीत टाकायची. म्हणून लोक मतदानाला थट्टेने ‘घडी घालायला जाणे’ म्हणत. पडद्याआड जाऊन खूण करण्याची सोय असे, पण तिकडे कोण वळला, याची नोंद घेतली जाई. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत ९८.८५ टक्के लोक यादीच्या बाजूचे, असे जाहीर झाले. या वेळी मात्र एक नवल घडले. मतमोजणी पाहण्याचा हक्क त्यांच्याही कायद्यात लिहिलेला होता. ठिकठिकाणी साधी माणसे मोजणीच्या जागी जाऊन उभी राहिली, आकडे टिपून घेतले, बेरजा केल्या, आणि सरकारचा आकडा खोटा ठरवला. सहा महिन्यांत, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली. १८ मार्च १९९० रोजी पूर्वेकडे पहिली खुली निवडणूक झाली, तिला नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आले. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले.

यावरून तुमच्या लक्षात येईल, की कागदावरचा हक्क लोकांनी वापरला तरच तो हक्क. हे जर्मनीतल्या शिक्षकांनी मनावर घेतले. १९७६ साली बॉयटेल्सबाख या द्राक्षमळ्यांच्या गावी नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या विद्वानांची बैठक झाली. तिच्यातून तीन नियम पुढे आले. शिक्षकाने आपले मत मुलांच्या डोक्यावर लादू नये. समाजात ज्या गोष्टीवर वाद आहे, ती वर्गातही वादाची म्हणूनच मांडावी. आणि एखाद्या प्रश्नात आपले हित कोठे आहे, हे मुलाला स्वतः ओळखता यावे. याचा अर्थ शिक्षकाने तोंड मिटून बसावे असा नाही. माणसाच्या प्रतिष्ठेविषयी दोन मते नाहीत, एवढे त्याने सांगायचेच आहे.

म्हणजे आता जर्मनीला चिंता नाही काय? आहे. २०२५ च्या निवडणुकीत अति उजव्या विचारांचा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच्याशी कसे वागावे, यावर तेथे तीव्र मतभेद आहेत. २०२४ च्या डिसेंबरात संसदेने घटना न्यायालयाची रचना साध्या कायद्यातून उचलून मूलभूत कायद्यातच घातली, म्हणजे उद्या साध्या बहुमताने कोणी ती मोडू नये. कुलुपे तपासण्याचे काम तेथे अजून चालू आहे, ते यासाठीच.

कायद्याने फार तर चोराला उशीर होतो. तेवढ्या वेळात घरातली माणसे जागी झाली पाहिजेत. व्हेल्स यांचे भाषण, झेल्बर्टबाईंच्या हाकेला आलेली पत्रे, १९८९ साली मोजणीपाशी उभी राहिलेली माणसे, हे सारे जागेपण होय.

शिक्षक मित्रांनो, शेवटी एक सुचवतो. तुमच्या वर्गात एकदा हा खेळ करून पाहा. वर्गाचा मॉनिटर बदलावा असे ज्यांना वाटते, त्यांना हात वर करायला सांगा. पुष्कळ हात वर येतील. मग म्हणा, आता नवा मॉनिटर कोण, त्याचे एकच नाव बहुमताने सांगा. तोवर जुनाच राहील. पुढे जी चर्चा होईल ती होऊ द्या, मध्ये बोलू नका. जर्मनीने चौदा वर्षे गोंधळात आणि बारा वर्षे अंधारात घालवून जे ओळखले, त्यातले थोडे तरी मुलांना एका तासात कळेल.